वाचकांचे प्रश्न : आपापल्या सप्तकात घ्या

हौशी गायनवृंदांबद्दल प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या पत्रांतला मोठा गठ्ठा एकाच विषयाचा निघाला : वृंदात पारलिंगी (ट्रान्सजेंडर) गायक आले, किंवा स्वतःला बाई आणि पुरुष या दोन्हींत न बसवणारं कुणी आलं, तर तालीम कशी चालवायची? म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. पत्रं थोडी कापली आहेत. नावं काढून फक्त नागपुरातली वस्ती ठेवली आहे.

*

आमचा २८ जणांचा वृंद आहे. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, मध्ये पेटी-तबला. नव्याने येऊ पाहणाऱ्या एका पारलिंगी व्यक्तीने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, ‘मी कुठे बसू?’ मला काही सुचलं नाही. काय सांगायला हवं होतं? (लक्ष्मीनगर)

‘आवाज ऐकून ठरवू, आणि तुम्हाला कुठे बरं वाटतं तेही विचारू’, एवढं पुरलं असतं. पण हे बोलणं खरं व्हायचं तर बैठक बदलावी लागेल, आणि ती सगळ्या २८ जणांची. नव्या माणसापुरती वेगळी सोय केली की तो माणूस पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या नजरेत येतो.

मुळात डावी-उजवी बैठक संगीताच्या दृष्टीनेही कामाची नाही. चार आवाजांच्या वृंदगानात अल्टोचा, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाचा, पट्टा साधारण मधल्या सी-च्या (पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक) खालच्या एफपासून वरच्या डीपर्यंत धरतात आणि टेनरचा, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजाचा, खालच्या सीपासून मधल्या सी-च्या वरच्या एपर्यंत. म्हणजे खालच्या एफपासून वरच्या एपर्यंतचं सव्वा सप्तकाहून थोडं जास्त अंतर दोघांचं सामाईक आहे. तुमच्या वृंदात आजही दोन-तीन बायका अशा असतील की वरच्या षड्जावर नुसते ओठ हलवतात, आणि एखादा पुरुष खर्जात गेला की ऐकू येत नाही. त्यांचीही सोय याच बदलात होते.

प्रत्येकाचा आवाज एकेकट्याने, दार लोटून, दहा मिनिटं ऐका. सगळ्यांसमोर मुळीच नको. आधी वीसपासून उलटे आकडे म्हणायला सांगा, त्यात बोलण्याचा स्वाभाविक स्वर कळतो. मग ‘सा रे ग म प म ग रे सा’ मोकळ्या आकारात, दर वेळी अर्ध्या स्वराने वर. मान ताणली, हनुवटी उचलली गेली किंवा आकाराचा ‘ए’ व्हायला लागला की तिथेच थांबा. तसंच खाली, आवाजाची नुसती हवा होईपर्यंत. वहीत तारखेसह चार गोष्टी लिहा : सर्वांत खालचा स्वर, सर्वांत वरचा, कुठून कुठपर्यंत ताण नाही, आणि गाणाऱ्याला स्वतःला कुठे गायला आवडतं. चौथा रकाना सोडू नका. आवाज खाली पोचतो म्हणून एखाद्याला खाली गायचं असतंच असं नाही. त्या स्वरांत स्वतःचा आवाज ऐकणं काहींना नकोसं होतं, आणि ते कारण पुरेसं आहे.

मग वरून खाली चार गट पाडा : पहिला आवाज, दुसरा, तिसरा, चौथा. २८ जणांत ९, ८, ६, ५ असा काहीसा हिशेब जमतो. अर्धवर्तुळात बसवा, दुसरा आणि तिसरा आवाज शेजारी. या दोन्ही गटांत बायका-पुरुष खरोखर मिसळलेले हवेत. नाहीतर तिसऱ्या गटात पाच पुरुष आणि एक नवी पारलिंगी बाई, असं चित्र होतं आणि जुनीच बैठक नव्या नावाने परत येते. आवाजाची ही तपासणी दर तीन महिन्यांनी सगळ्यांची करा. ज्यांचा आवाज बदलतो आहे त्यांची दर महिन्याला.

घसरण होते ती बोलण्यात. दिग्दर्शक सवयीने ‘चला, बायका घ्या’ म्हणून जातात आणि दोन महिन्यांची मेहनत पाण्यात जाते. ‘पहिला, दुसरा घ्या’ म्हणायची सवय लावावी लागते. पेटीवर स्वर देताना ‘बायका वर, पुरुष खाली’ याऐवजी ‘आपापल्या सप्तकात घ्या’ म्हणा. गाण्याच्या कागदावर ‘स्त्रिया :’ आणि ‘पुरुष :’ असे समास असतील तर पांढरी शाई लावून तिथे १-२ आणि ३-४ लिहा.

*

मी पारलिंगी पुरुष, वय २४. बुद्धवंदना आणि भीमगीतं गाणाऱ्या वृंदात सहा वर्षं आहे. चार महिन्यांपूर्वी टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, सुरू झालं. आवाज मधेच फाटतो, वरचे स्वर गेले, खालचे अजून आले नाहीत. आमचे सर प्रेमाने म्हणतात, ‘आठ महिने आराम कर, मग ये.’ अशोक विजयादशमीचा कार्यक्रम तोंडावर आहे. थांबू का? (इंदोरा)

थांबू नका, भाऊ. सरांची काळजी खरी आहे, पण गाणं पूर्ण बंद ठेवलं तर नव्या आवाजाची ओळख होत नाही. आठ महिन्यांनी परत आलात तर हातात अनोळखी वाद्य दिल्यासारखं होईल. कमी गा, हळू गा, पण रोज गा.

घडतंय काय ते आधी समजून घ्या. टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरतंतू जाड होतात आणि सावकाश कंप पावायला लागतात, म्हणून स्वर उतरतो. पहिल्या काही आठवड्यांत घसा खरखरतो. मोठा बदल बहुतेकांना तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या आसपास जाणवतो आणि बसायला वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं. तुम्ही आत्ता ऐन घाटात आहात. वयात येणाऱ्या मुलाचा कंठ त्याच्या सांगाड्यासकट वाढतो. प्रौढपणी तंतू जाड होतात, सांगाडा मात्र फारसा वाढत नाही. म्हणून शेजारच्या बासचा घुमारा आपल्यात का नाही म्हणून घसा दाबू नका. दाबून काढलेला खर्ज हीच या काळातली सर्वांत मोठी चूक. त्याच्या पाठोपाठ दुसरी : जुना वरचा स्वर अजून आहे का, हे दिवसातून दहादा तपासणं.

रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं हा सराव करा. अर्ध्या ग्लास पाण्यात स्ट्रॉ दोन बोटं बुडवा आणि ‘ऊ’ म्हणत फुंका. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. मग तसंच बुडबुड्यांसकट खालून वर आणि वरून खाली सरकत जा. सुटे स्वर नकोत, नुसती घसरगुंडी. बुडबुडे तुटले तिथे सांधा आहे. तिथे जोर लावायचा नाही, आवाज आणखी बारीक करून पुढे जायचं. पाण्याच्या दाबामुळे तंतूंवरचा आघात कमी होतो, म्हणून खरखरलेल्या घशालाही हा सराव झेपतो.

आता वृंदात काय गायचं ते पाहू. समजा सध्या तुमचा बिनताणाचा पट्टा मधल्या सी-च्या खालच्या पांढरी तीनपासून पांढरी सातपर्यंत एवढाच उरला आहे आणि वृंदाचा सा काळी एक आहे. खालच्या सप्तकात धरलं तर तुमच्या वाट्याला कोमल गंधारापासून कोमल निषादापर्यंतचे स्वर येतात. खालचा षड्ज नाही, तार षड्जही नाही. मात्र पंचम, म्हणजे काळी चार, बरोबर मध्यावर येतो. मग ध्रुपदाची जी ओळ या स्वरांत बसते ती सगळ्यांबरोबर म्हणा, आणि चाल वर चढली की पंचम धरून ठेवा. सहा-आठ जणांच्या पुढच्या तार सुरांखाली एका माणसाने धरलेला पंचम सबंध वृंदाला बैठक देतो. हे रडत-कढत दिलेलं काम नाही. चालीत पंचम वर्ज्य असेल तर मध्यम, काळी तीन, तोही तुमच्या पट्ट्यात आहे. सरांना हे पेटीवर दाखवा, पाच मिनिटांत पटेल. पुढच्या महिन्यात पट्टा खाली सरकला की ओळ बदला.

एकट्याने कडवं म्हणायचं असेल तर कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी पट्टी ठरवा, महिनाभर आधी नको. औषधाचा डोस गाण्यासाठी स्वतःहून कमी-जास्त करू नका. डोस सावकाश वाढवता येतो का, हा प्रश्न गायकाने डॉक्टरांना जरूर विचारावा. आवाज बसला आणि तीन-चार आठवडे उठलाच नाही, किंवा गाताना दुखायला लागलं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. सगळंच हार्मोनवर ढकलायचं नसतं.

छाती सपाट दिसावी म्हणून बाइंडर, म्हणजे घट्ट बनियन, घालत असाल तर एक गोष्ट. दोन्ही तळवे बरगड्यांच्या खालच्या कडेवर असे ठेवा की मधली बोटं एकमेकांना टेकतील. चार मात्रांचा श्वास घ्या. बोटं फाकली पाहिजेत. फाकली नाहीत तर श्वास खांद्यात जातोय, वाक्य पुरणार नाही आणि तुम्ही पुन्हा घसा दाबाल. तालमीला बाइंडरऐवजी स्पोर्ट्स ब्रा आणि वर सैल, गडद कुर्ता किंवा जाकीट बरं. कार्यक्रमात घालायचाच असेल तर एक माप मोठा घ्या आणि दिवसभरात मिळून आठ तासांवर जाऊ देऊ नका. क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी कधीच नको, ती श्वासागणिक आवळत जाते. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा, कूलर नसलेल्या खोलीत बाइंडर घालून दोन तास उभं राहणं म्हणजे चक्कर ठरलेली.

*

आमच्या महिला भजनी मंडळात एक पारलिंगी ताई यायला लागल्या आहेत. खंजिरी फार सुरेख वाजवतात. आवाज मात्र खर्जातला. गोळ्या सुरू आहेत म्हणतात, तर आवाज हळूहळू चढेल का? तोवर त्यांनी खंजिरीच धरावी, असं काही जणींचं म्हणणं आहे. (मानेवाडा)

नाही चढणार. पुरुषी वयात आल्यावर जाड झालेले स्वरतंतू ईस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनने बारीक होत नाहीत. बोलण्याचा आवाज सरावाने बदलता येतो, त्यासाठी वाचा-उपचार तज्ज्ञ असतात. पण ते काम महिन्यांचं आहे आणि ते करायचं की नाही हा सर्वस्वी ताईंचा प्रश्न. ‘तोवर खंजिरी’ म्हणजे कायमची खंजिरीच झाली. त्यांना गायचं असेल तर आजपासून गाऊ द्या.

खर्जातला आवाज बाईचा कसा, हे मराठी कानाला समजावून सांगायची गरज पडू नये. गंगूबाई हनगलांचा आवाज घशाच्या आजारानंतर खोल झाला आणि त्याच आवाजात त्या आयुष्यभर गायल्या. तोच आवाज मैफलींनी डोक्यावर घेतला.

सोय पट्टीत आहे. तुमचा सा बहुधा काळी चार असेल. मध्य सा ते तार गंधार एवढी चाल असेल तर तुम्ही आरामात गाता. ताई तीच चाल एक सप्तक खाली गातील, पण तिथला सा जरा जास्तच खोल जातो आणि शब्द विरतात. म्हणून सा एका स्वराने वर, काळी पाचवर न्या. तुमचा तार गंधार वरच्या डीवर येईल, तो बहुतेकींना झेपतो, आणि ताईंचा खालचा सा ऐकू येण्याजोगा होतो. खोल आवाज आला की पट्टी उतरवायची, असा सगळ्यांचा समज असतो, पण इथे ती चढवावी लागते. चाल तार मध्यमाच्या वर जाणारी असेल तर मात्र काळी चारवरच राहा आणि ताईंना फक्त ध्रुपद सप्तकाने खाली द्या.

त्यांना तुमच्याच सप्तकात गायचं असेल तर हलका, डोक्यातला आवाज वापरावा लागेल. तो कमावता येतो. सुरुवातीला सलग दहा मिनिटंच, मग विश्रांती. दोन तासांचं भजन पहिल्याच गुरुवारी त्या आवाजात म्हटलं तर दुसऱ्या दिवशी घसा बसेल आणि हा आवाज आपला नाहीच, असं त्यांना वाटेल. माइक मात्र त्यांच्या जवळ ठेवा. हलका आवाज ढोलकीपुढे टिकत नाही आणि मग तो ओढला जातो.

*

आमच्याकडे एकजण आहे, स्वतःला ना मुलगा म्हणवतं ना मुलगी. मराठीत क्रियापदालाच लिंग लागतं. तालमीत बोलायचं कसं? (प्रतापनगर)

आधी त्या व्यक्तीलाच विचारा, बाजूला घेऊन : ‘तुमच्याबद्दल बोलताना काय म्हणू?’ जे सांगतील ते. तुमच्या पत्रातलं ‘म्हणवतं’ मात्र विचारल्याशिवाय वापरू नका. एकवचनी नपुंसकलिंग आपण लेकराला, वासराला लावतो, आणि मोठ्या माणसाला लावलं की त्यात हेटाळणी ऐकू येते. काहींना ते स्वतः हवं असतं, ती गोष्ट वेगळी.

मराठी दिसते तेवढी अडवत नाही. ‘तू गातोस, तू गातेस’ इथे अडतं, ‘तुम्ही गाता’ इथे नाही. आज्ञार्थाला लिंग नाही : घ्या, थांबा, श्वास सोडा. आणि भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माच्या मागे जातं, कर्त्याच्या नाही. ‘तू उशिरा आलास’मध्ये माणसाचं लिंग येतं, पण ‘तू कडवं छान म्हटलंस’, ‘सम बरोबर पकडलीस’, ‘तान लांबवलीस’ यांत कडव्याचं, समेचं, तानेचं लिंग येतं. म्हणजे तालमीतली निम्मी वाक्यं आधीच मोकळी आहेत. ‘मुलींनो, मुलांनो’ऐवजी ‘मंडळी’. ‘दादा’ आणि ‘ताई’ यांपैकी काही नको असेल तर नुसतं नाव.

चूक होईल. झाली की त्याच दमात दुरुस्त करा, ‘ती आली की... तो आला की तिसऱ्या आवाजात घ्या’, आणि पुढे जा. पाच मिनिटांची माफी मागितली की समजूत घालायचं काम त्या व्यक्तीवरच येऊन पडतं.

*

स्पर्धेसाठी बायकांना साडी, पुरुषांना कुर्ता असा गणवेश ठरलाय. अर्जात प्रत्येकाचं नाव आणि ‘स्त्री/पुरुष’ लिहायचं आहे. (धरमपेठ)

रंग ठरवा, कपडा ठरवू नका. गांधीबागेतून एकाच रंगाचं थान घ्या. कुर्त्याला माणशी अडीच मीटर धरले तर २८ जणांना ७० मीटर लागतं. त्याच रंगाची साडी ज्यांना हवी त्यांनी घ्यावी. गळ्यात सगळ्यांच्या एकसारखं उपरणं किंवा ओढणी, म्हणजे मंचावर वृंद एक दिसतो. कुणी काय घालणार ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून द्यावं. कपड्याचा आणि आवाजाच्या गटाचा संबंध जोडू नका. चौथ्या आवाजात साडी चालते.

अर्जाचं जरा जपून. आयोजकांना आधी फोन करून विचारा की यादी आधारकार्डाशी ताडून पाहणार का. नसतील तर रोजचं नाव द्या. असतील तर कागदोपत्री नाव फक्त त्या अर्जात, आणि निवेदकाच्या कागदावर, प्रमाणपत्रावर, व्हॉट्सॲप ग्रुपवर रोजचं नाव. प्रमाणपत्रं छापायला जाण्याआधी यादी एकदा स्वतः वाचा, चूक तिथेच होते. जुनं नाव माइकवरून पुकारलं गेलं तर त्या माणसाची गोष्ट सबंध सभागृहाला कळते, आणि ती परत घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालच्या निकालात पारलिंगी व्यक्तींच्या ओळखीला मान्यता दिली, २०१९ साली संसदेने कायदा केला. पण हौशी वृंदाने गायकाकडे ओळखीचा कागद मागायचं काही कारणच नाही. फोटो टाकण्याआधीही विचारा. काहींच्या घरी ठाऊक नसतं.

*

आमच्या चर्चच्या कॉयरमध्ये एक पारलिंगी मुलगा सोप्रानो, म्हणजे सर्वांत वरचा आवाज, गातो. हार्मोन घेत नाही. त्याला टेनरमध्ये हलवावं का? (सदर)

तो मागत नसेल तर नाही. सोप्रानो, अल्टो, टेनर, बास ही आवाजांची नावं आहेत, ती तशीच ठेवा. इंग्लंडच्या कॅथीड्रलांत शतकानुशतकं मुलगे वरचा आवाज गात आले आहेत आणि अल्टो मोठे पुरुष गातात. फक्त ‘लेडीज पुढे, जेन्ट्स मागे’ सोडा, उंचीप्रमाणे उभे राहा. गाऊन सगळ्यांचा एकच ठेवा.

*

सगळं पटतं, पण स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्यावरून कुरबुर होते. उपाय? (खामला)

हॉल ठरवायला जाल तेव्हा पट्टी-माइकच्या आधी हे बघा : आतून कडी लागणारं, एकाच माणसाचं स्वच्छतागृह आहे का. असेल तर दारावर ‘कुणीही वापरावं’ असा कागद लावा आणि दिग्दर्शकाने स्वतः तेच वापरावं. नसेल तर ज्याने त्याने आपल्या ओळखीप्रमाणे जावं, आणि हे समितीने एकदाच, सगळ्यांना मिळून सांगावं. दर वेळी गायकाला भांडायला लावू नये. कपडे बदलायला एक खोली, एका वेळी एकजण, माणशी पाच मिनिटं. २८ जणांना ते परवडत नाही, म्हणून निम्म्यांनी घरूनच तयार होऊन यावं.

कुरबुर करणाऱ्यांशी चहावर बोला, पण त्या गायकासमोर नव्हे, आणि त्याच्या शरीराबद्दलचा एकही प्रश्न चर्चेत घेऊ नका. सल्ला किंवा सोबत हवी असेल तर नागपुरात या समुदायाबरोबर काम करणारा सारथी ट्रस्ट आहे. तालीम साडेआठला संपवा. रात्री एकट्याने रिक्षा शोधत उभं राहणं पारलिंगी व्यक्तीला जास्त जोखमीचं असतं. शेवटच्या मेट्रोला भरपूर वेळ उरेल अशी वेळ ठेवा, आणि स्टेशनपर्यंत कोण कोणाबरोबर जाणार हे पेट्या बंद करण्याआधी ठरवा.